कुसाबाई आणि चार वाजताचा कापूस

कुसाबाईंबद्दल लिहायचं तर आधी हे कबूल करायला हवं, की मी त्यांना फारसा ओळखत नव्हतो. त्यांचं आडनाव मला हजेरीच्या वहीतून कळलं होतं, तेही आता नीट आठवत नाही. गाव सुरगाण्याच्या अलीकडे कुठेतरी, डोंगरात. नाशिककडे पहिल्यांदा त्या द्राक्षाच्या बागांत कामाला आल्या आणि मग परत गेल्याच नाहीत, एवढं त्या एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या. घरी कोण आहे, मुलंबाळं आहेत का, हे मी कधी विचारलं नाही. मला असं विचारता येत नाही. अडीच वर्षं आम्ही एका छपराखाली काम केलं, आणि त्यांना दुपारी जेवताना मी फक्त एकदा पाहिलं.

कुसाबाई ज्यांची देखभाल करायच्या त्या झुंबरतात्यांची मुलगी ललिता परवा भेटली. म्हणाली, "काका, तुम्ही तिथं होतात. लिहून ठेवा." मला लिहायची सवय नाही. सरकारी प्रयोगशाळेत तीस वर्षं मी नमुन्याच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लिहिल्या, तेवढंच माझं लेखन. चुकलं तर माफ करावं.

जागा गंगापूर रोडला, गावाबाहेर. म्हातारपणी विसर पडलेली, घर-माणसं न ओळखणारी चौदा माणसं तिथे राहायची. दवाखाना म्हणावा तर दवाखाना नाही, आश्रम म्हणावा तर आश्रम नाही, म्हणून सगळे त्याला नुसतं 'बंगला' म्हणायचे. डॉक्टर आशा बिरारी तो चालवायच्या. कुंभमेळ्याच्या आदल्या वर्षी, २००२च्या जानेवारीत, त्यांनी एक अभ्यास हाती घेतला आणि मला बोलावलं. मी नुकताच निवृत्त झालो होतो.

अभ्यास असा होता. या माणसांना मधूनच तगमग सुटते. येरझाऱ्या घालतात, ओरडतात, अंगावर धावून येतात. का, ते त्यांना सांगता येत नाही. डॉक्टरांचं म्हणणं, तोंडाने सांगता येत नसेल तर शरीर सांगत असेल. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य वाढतं आणि ते लाळेतही उतरतं. तेव्हा रोज दोन वेळा लाळ घ्यायची, सकाळी आठला आणि दुपारी चारला, आणि सोबत तक्त्यात आकडा लिहायचा. शांत असेल तर शून्य, येरझाऱ्या एक, आरडाओरडा दोन, मारहाण तीन. तगमग सुटण्याआधीच लाळेत काही दिसलं, तर पुढे कितीतरी माणसांना उपयोग होईल. काम चांगलं होतं. मला अजूनही तसंच वाटतं.

लाळ घ्यायची ती कापसाच्या बोळ्याने. बोळा जिभेखाली दोन मिनिटं ठेवायचा, मग पिळून लाळ नळीत भरायची. सकाळचे नमुने तिथल्या आया कुसाबाई घ्यायच्या आणि ओले बोळे डबीत घालून माझ्यासाठी बर्फात ठेवायच्या. दुपारचे मी घ्यायचो. तयार बोळे मुंबईहून यायला फार वेळ लागे, म्हणून ते मीच वळायचो. साडेतीनला पोचायचं, अंगात पांढरा कोट घालायचा, दिवाणखान्यात खिडकीपाशी उजेड चांगला म्हणून तिथे बसायचं आणि निळ्या कागदातलं बंडल उलगडून अठ्ठावीस बोळे वळायचे, चौदा आजच्या दुपारचे आणि चौदा उद्या सकाळचे. समोर सगळे खुर्च्यांवर बसलेले असत. बरेच जण डोळे मिटून. मला ते अर्धा तासाचं काम आवडायचं. हाताला सवय होती.

झुंबरतात्या म्हणजे लासलगावच्या कांदा मार्केटमधले जुने हमाल. सत्तरी ओलांडलेली, पण खांदे अजून दारासारखे रुंद. सकाळी ते कोकरासारखे असायचे. कुसाबाईंचं आणि त्यांचं जमायचं. रोज सकाळी त्यांच्या पलंगावरच्या चादरीला पाच-सहा घट्ट गाठी मारलेल्या असायच्या आणि कुसाबाई त्या सोडवत बसायच्या.

"तात्या, हे काय बांधलं रातच्याला?"

"बांधावं लागतंय बाई. सैल राह्यलं तर वाटंत घसरतंय."

"काय घसरतंय?"

तात्या नुसते हसायचे.

पण दुपारी साडेतीन वाजले, मी खिडकीपाशी बसलो, की तात्या उठायचे. आधी येरझाऱ्या. मग मोठमोठ्याने, "आजून गरम हाय! थांबा! आजून गरम हाय!" मी बोळा घेऊन जवळ गेलो की माझं मनगट धरायचे आणि सोडायचे नाहीत. एकदा बोट चावलं. तक्त्यात 'काय बोलतो' असा रकाना होता. मी रोज त्यात 'असंबद्ध' असं लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे.

तिसऱ्या आठवड्यात पहिले आकडे आले. हे द्रव्य सकाळी जास्त असतं आणि दिवस कलला तसं कमी होत जातं. तेरा जणांचं तसंच होतं. तात्यांचं उलटं. सकाळी बेताचं, दुपारी चढलेलं. डॉक्टर कागद हातात घेऊन माझ्याकडे आल्या. "बघा, यांच्या शरीरातलं घड्याळच उलटं झालंय. आणि तगमग नमुन्याच्या आधी अर्धा तास सुरू होते. म्हणजे शरीर आधीच सांगतंय." त्यांचा चेहरा उजळला होता. मलाही बरं वाटलं. आपल्या हातून काही निघालं असं.

त्याच आठवड्यात बुधवारी तात्यांनी चंद्रभागाबाईंना मारलं. मारलं असं मी लिहिलं. चंद्रभागाबाई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. मी कापूस वळत होतो. तात्या तरातरा गेले आणि त्यांनी हात उलटा करून त्यांच्या छातीवर दाबला. त्या किंचाळल्या, खुर्चीसकट कलंडल्या, कोपर सोललं. ड्यूटीवरच्या दत्तू ब्रदरने तात्यांना मागून मिठी मारून ओढलं. मी तक्त्यात तीनचा आकडा लिहिला. तो आकडा तेवढा वाकडा आहे.

चंद्रभागाबाईंचा मुलगा संध्याकाळीच आला. बायकांच्या छातीला हात लावणारा माणूस इथे राहणार असेल तर मी आईला नेतो, म्हणाला. त्याचंही काय चुकलं? डॉक्टरांनी ठरवलं, शुक्रवारपासून तात्यांना रोज पावणेचारला गुंगीची सुई द्यायची, आणि सुई चढेपर्यंत हात खाटेला बांधायचे. त्याने भागलं नाही तर आठवड्याभरात ललिताने त्यांना घेऊन जायचं.

ती सुई तात्यांना मागे दिवाळीत एकदा दिली होती. दोन दिवस पाय ओढत चालले आणि न्हाणीत पडले. भुवईवर सहा टाके. या वयात पुन्हा पडले आणि खुबा मोडला, तर माणूस उठत नाही. हे बंगल्यात सगळ्यांना माहीत होतं. आणि ललिताचं घर म्हणजे नाशकात द्वारका चौकाजवळ एक खोली, नवरा आजारी.

गुरुवारी ललिता आली. डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं. ती बाहेर येऊन पायरीवर बसली, रडली नाही, नुसती पदराचं टोक पिळत राहिली. कुसाबाई तिच्याशेजारी बसल्या. मी मागे नळ्या धूत होतो. खिडकी उघडी होती, ऐकू येत होतं.

"ताई, एक विचारू? तुझा बाप हमालीशिवाय काय करायचा?"

"काय करणार? पोती उचलायचे."

"गाठी कुठल्या बांधायचा? रोज गाठी मारतो. पोत्याच्या नाय वाटत. चादर लांब पसरतो, न् दोन्ही बाजूनं बांधतो."

ललिता म्हणाली, "तिरडी. आमच्या गल्लीत कोणी गेलं की पहिलं बोलावणं तात्यांना. बांबू, सुतळी, सगळं तेच बघायचे. कोणाची जात बघितली नाही. अंघोळ घालायचे, नाकात कापूस घालायचे. लोकांना घाई असायची, पाहुणे खोळंबलेले. पण तात्या छातीवर उलटा हात ठेवून बघायचे. म्हणायचे, आजून गरम हाय, थांबा. पूर्ण गार झाल्याशिवाय कापसाला हात लावू द्यायचे नाहीत कोणाला."

माझ्या हातातली नळी मोरीत पडून फुटली.

कुसाबाई आत आल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मी काचा वेचत होतो.

"भाऊ, ऐकलं ना?"

"हो."

"तुम्ही पांढरे कपडे घालून मधोमध बसता न् कापूस वळता. समोर म्हातारी माणसं डोळे मिटून. त्याला काय वाटत असंल?"

मला तीन आठवड्यांचे रकाने दिसत होते. असंबद्ध, असंबद्ध, असंबद्ध.

"त्यानं चंद्रभागाबाईला मारलं नाय. ती जित्ती हाय का, ते बघितलं."

"पण मग सकाळी?" मी म्हणालो. "सकाळी तुम्हीही कापूसच घालता ना तोंडात. तेव्हा का नाही ओरडत?"

कुसाबाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी नाय घालत. कोणाच्याच नाय. जित्या माणसाच्या तोंडात कापूस, मला कसंतरीच झालं पहिल्याच दिवशी. वाटीत थुंकायला सांगते, न् बोळा त्यात बुडवते. ओला दिसला म्हणजे झालं." मग म्हणाल्या, "सांगू नका कोणाला."

नियम मोडला होता. पण त्यामुळेच सकाळचा आकडा बेताचा होता. आणि डॉक्टरांना जे घड्याळ वाटलं, ते मी होतो.

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरबाईंना सांगा," कुसाबाई म्हणाल्या. "माझं नाय ऐकणार. तुम्ही शिकलेले."

मी डॉक्टरांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. त्या फोनवर त्याच आकड्यांबद्दल कोणाला तरी सांगत होत्या, आनंदात. मी परत फिरलो. कुसाबाईंना म्हणालो, अजून खात्री नाही, उगाच कसं सांगायचं. त्या म्हणाल्या, "मग उद्या खात्री करा. कोट घालू नका. कापूस आणू नका. पाहुण्यासारखे या, न् त्याच खुर्चीत बसा."

शुक्रवारी मी घरचा तपकिरी स्वेटर घालून गेलो. पिशवी बाहेरच मोटारसायकलीला अडकवली. दिवाणखान्यात पाय ठेवला तेव्हा साडेतीन झाले होते. दत्तू ब्रदर कोपऱ्यात ट्रे घेऊन उभा. ट्रेमध्ये सुई भरलेली, आणि शेजारी दोन पट्ट्या. ललिता दाराशी. तिने सुट्टी काढली होती.

"आज बिनकोटाचे, सर?" दत्तू म्हणाला. "लग्नाला निघालात का?"

"तू गप," कुसाबाई म्हणाल्या. "चारपर्यंत सुई नाय द्यायची."

"पावणेचार लिहिलंय कागदावर. तुम्ही कधीपासून डॉक्टर झालात?"

"झाले असते तर पहिली सुई तुला टोचली असती. जिभेवर."

दत्तू हसला, पण ट्रे खाली ठेवला नाही. त्याच्याही नोकरीचा प्रश्न होता.

मी खिडकीपाशी बसलो. हात कुठे ठेवावेत कळेना. शेवटी मांडीवर ठेवले, उघडे. तात्यांनी मला ओळखलं असावं, निदान जागा तरी. ते उठले. एक येरझार. दुसरी. माझ्या हातांकडे बघत. तिसऱ्या फेरीला चंद्रभागाबाईंच्या खुर्चीपाशी थांबले. चंद्रभागाबाईंचे डोळे मिटलेलेच. दत्तू एक पाऊल पुढे आला.

"ब्रदर," कुसाबाई हळूच म्हणाल्या. "पाया पडते. थांब."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले. तात्या वळले आणि माझ्याकडे आले. सरळ. मला ते मनगट धरणं आठवलं, दातही आठवले. उठून जावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू, मी खुर्चीच्या कडेपर्यंत सरकलो होतो. कुसाबाईंनी लांबूनच मान हलवली, नाही म्हणून.

तात्यांनी हात उलटा केला आणि माझ्या छातीवर ठेवला. स्वेटरवरून. जड, खरबरीत हात. माझं काळीज इतकं धडधडत होतं की ते बाहेर ऐकू जात असेल असं वाटलं. ते मान कलती करून थांबले. बराच वेळ.

"चालू हाय," तात्या म्हणाले. मग माझ्या खांद्यावर थोपटलं. "बसा. च्या येतोय."

आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसले.

चारला कुसाबाईंनी वाटी पुढे केली. "तात्या, थुंका यात." ते थुंकले. दत्तूने सुई तशीच ट्रेमध्ये ठेवून फडकं टाकलं आणि म्हणाला, "मी कागदावर काय लिहू?"

तीन दिवस आम्ही तसंच केलं. दत्तूने डॉक्टरांना सांगितलं की पेशंट शांत होता म्हणून सुई दिली नाही, आणि ते खरंच होतं. सोमवारी मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो. घरून चार वाक्यं पाठ करून गेलो होतो. पहिल्या वाक्यातच अडकलो. मग जे तोंडाला येईल ते बोलत सुटलो. कोट, खिडकी, बोळे, तिरडी. त्या ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "पण सकाळीही कापूसच असतो ना?"

मी थांबायला हवं होतं. काही जमवून सांगता आलं असतं. किंवा नुसतं गप्प बसता आलं असतं, ते तर मला आयुष्यभर जमलंय. पण मी सांगितलं. सकाळी कुसाबाई कापूस घालत नाहीत, वाटीत घेतात, सगळ्यांचंच.

डॉक्टरांनी तक्ता पुढे ओढला. मग पेन घेऊन चौदाही जणांच्या सकाळच्या रकान्यांवर एक तिरकी रेघ ओढली. तीन आठवडे. "पुन्हा सुरू करायचं," म्हणाल्या. "वाटीत. सगळ्यांचं, दोन्ही वेळेला. तुम्ही नळ्या बाहेर भरा." चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. चंद्रभागाबाईंच्या मुलाला त्यांनी स्वतः फोन करून समजावलं. तात्यांची सुई रद्द झाली. ते बंगल्यातच राहिले.

कुसाबाईंना मात्र अभ्यासातून काढलं. नमुन्यांना हात लावायचा नाही, आणि माणसांकडेही फक्त जेवणापुरतं. बाकी वेळ कपडे धुणं. डॉक्टर म्हणाल्या, "त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तात्यांना बांधायची वेळच आली नसती." हेही खरं होतं. पण पहिल्या दिवशी त्यांना कोणी विचारलं होतं? मी तर समोर बसून त्यांचे ओले बोळे रोज मोजून घेत होतो.

मी सांगितलं हे कुसाबाईंना कळलं असणारच. बंगला केवढासा. त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही. पुढे अभ्यास संपला, तरी रक्ताच्या तपासण्यांसाठी मी आठवड्यातून दोनदा जात राहिलो. दरवेळी मोटारसायकल लावताना ठरवायचो, आज विषय काढू. मागे धुण्याच्या दगडापाशी त्या दिसायच्या, आणि मी "काय कुसाबाई?" म्हणून आत जायचो. त्या धुणं टाकून तात्यांना भरवायला मात्र वेळेवर यायच्या. ते काम त्यांच्याकडून कुणी काढून घेतलं नव्हतं.

२००४च्या जूनमध्ये, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या आधी, त्या गावी गेल्या. गावाकडून काही निरोप आला होता, असं दत्तू म्हणाला. परत आल्या नाहीत. तात्या पुढे दीड वर्ष होते. आपल्या पायाने चालत होते, शेवटच्या आठवड्यापर्यंत.

कुसाबाई गावी जायच्या आधीच्या मंगळवारी मी लवकर पोचलो होतो. रक्त घ्यायचं होतं, तात्यांचंही. कुसाबाई तात्यांच्या खोलीच्या दारातच भेटल्या, हातात ताट.

"लवकर आले आज, भाऊ?"

"हो. रस्ता मोकळा होता."

"मग बसा जरा बाहेर. अर्धी भाकर राह्यली त्याची."

"सावकाश होऊ दे," मी म्हणालो. "मला घाई नाही."